गुण देणाऱ्याचे नाव

धावण्याच्या शर्यतीत कोण जिंकले हे घड्याळ सांगते. फिगर स्केटिंगमध्ये ते माणसांना सांगावे लागते, आणि ज्या खेळाचा निकाल माणसांच्या मतावर ठरतो तेथे पक्षपाताचा संशय वस्तीला असावयाचाच, हे एकदा मान्य केले म्हणजे त्या संशयाची तड लावण्याची काही सोय नियमांत आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ११ फेब्रुवारी २००२ रोजी रशियन जोडीतील आंतोन सिखारुलिद्झे डबल ॲक्सेल या उडीनंतर उतरताना अडखळला, कॅनडाच्या जेमी साले व डेव्हिड पेलेटिए यांच्या खेळात बोट ठेवावे असे काही घडले नाही, तरीही नऊ पंचांपैकी पाचांनी कौल रशियाच्या बाजूने दिला. पुढे फ्रेंच पंच मारी-रेन ल गूग्न यांनी आपल्या देशाच्या महासंघाच्या अध्यक्षांचे आपल्यावर दडपण होते, अशी कबुली दिली आणि मग ती फिरवलीही. अखेर कॅनडाच्या जोडीसही सुवर्णपदक देण्यात आले. पंच आणि अध्यक्ष उभयतांस तीन वर्षे निलंबित करण्यात आले.

या प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने सहा गुणांची जुनी पद्धत मोडीत काढून प्रत्येक उडीचे व गिरकीचे स्वतंत्र मोल ठरविणारी नवी पद्धत आणली, ती बव्हंशी योग्यच होती. परंतु त्याचबरोबर कोणत्या पंचाने कोणते गुण दिले हे गुप्त ठेवण्याचा जो नियम केला, तो मात्र रोगापेक्षा औषध जालीम अशा मासल्याचा होता. नाव झाकले म्हणजे दडपण आणणाऱ्यास आपला सौदा पाळला गेला की नाही हे कळणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. परंतु पंचांची नावे सुचविणार राष्ट्रीय महासंघ. तेव्हा महासंघाच्या अध्यक्षास आपल्या पंचाला खासगीत गाठून विचारता येतेच, आणि अंधारात राहतात ते खेळाडू व प्रेक्षक. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी गुणपत्रकांचा अभ्यास करून दाखवून दिले की, या गुप्ततेच्या काळात स्वदेशीयांकडे झुकणारा कल घटला तर नाहीच, उलट किंचित वाढला.

२०१४ साली सोची येथे रशियाची अदेलिना सोत्निकोवा २२४.५९ गुणांनी पहिली आणि दक्षिण कोरियाची किम यु-ना २१९.११ गुणांनी दुसरी आली, तेव्हा पंचमंडळात रशियन महासंघाच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याची पत्नी होती. त्यांनी पक्षपात केला असे म्हणण्यास आधार नाही. पण त्या निर्दोष असल्या तरी ते सिद्ध करण्याचा मार्ग नियमाने त्यांनाही ठेवला नव्हता. ही गुप्तता रद्द करण्याचा ठराव व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले.

संघनिवडीचा मामला याहून अवघड. २०१४ च्याच जानेवारीत बोस्टन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत मिराई नागासू तिसरी व ॲश्ली वॅगनर चौथी आली, आणि ऑलिंपिक संघातील तीन जागांपैकी शेवटची निवड समितीने वॅगनरला दिली. गहजब झाला, तरी मला ती निवड समर्थनीय वाटते: आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत वॅगनर पाचवी व ग्रेसी गोल्ड सहावी आल्यामुळेच अमेरिकेस तीन जागा मिळाल्या होत्या, आणि डिसेंबरमधील ग्रांप्री अंतिम फेरीत वॅगनर तिसरी होती. एका वाईट संध्याकाळवरून दोन हंगामांची कामगिरी रद्दबातल ठरविणे हा काही न्याय नव्हे. माझी तक्रार निराळी आहे. राष्ट्रीय स्पर्धा दूरचित्रवाणीवर ऑलिंपिकची कसोटी म्हणून गाजवावयाची आणि कोणत्या स्पर्धेस किती वजन द्यावयाचे याची मुखत्यारी समितीने बंद दाराआड वापरावयाची, हे दोन्ही एकत्र चालू शकत नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या आलेल्या रॉस मायनरला वगळून चौथ्या आलेल्या ॲडम रिपनला घेतले, तेव्हाही वाद उठला तो याच ठिकाणी.

मुखत्यारी अवश्य असावी. तिच्याशिवाय दुखापतीतून उठलेल्या गुणी खेळाडूस जागा कशी मिळावी? पण निवडीच्या दिवशीच, नावनिशीवार, कोणत्या स्पर्धेचे किती वजन धरले आणि कोणत्या सभासदाने काय मत दिले याचा तक्ता दप्तरी दाखल करून जाहीर करावा. एवढा मसुदा करावयास एका कारकुनाचा अर्धा दिवस पुरेल.