पाहुणा येतो बोटाएवढा

एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे, "मुलाच्या वाढदिवसाला 'रेड टेल कॅटफिश' जातीचा मासा आणावा असे घरात घाटत आहे. तीन फुटी मत्स्यपेटी आहेच. एवढ्याने भागेल काय?" असा प्रश्न अनेक घरांत निघण्याजोगा असल्याने उत्तर आम्ही येथेच देतो.

भागणार नाही. काळसर पाठ, अंगावरचा पांढरा पट्टा, तांबडी शेपटी आणि लांब मिशा यांमुळे हा मासा मनात भरतो खरा. आपल्या शिंगाळ्याच्याच दूरच्या गोतातला तो. पण दुकानात तो दोन-तीन इंचांचा दिसतो, आणि तेथेच गृहस्थ चकतो. अ‍ॅमेझॉन व ओरिनोको या दक्षिण अमेरिकेतील महानद्यांत तो एक मीटरहून अधिक लांब होतो. वजनही ४० किलोंच्या घरात जाऊ शकते. आपली पेटी तर अवघी ९१ सेंटीमीटर! तीत त्याला धड पहुडताही यायचे नाही, मग वळणे दूरच.

"मासा पेटीच्या मापानेच वाढतो" ही समजूत आपल्याकडे फार रुजली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. माशाच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया साचतो. फिल्टरमधील सूक्ष्म जंतू त्याचे कमी घातक द्रव्यांत रूपांतर करतात; परंतु मोठ्या मांसाहारी माशापुढे लहान फिल्टरची शक्ती तोकडी पडते. कल्ले पोळतात, वाढ खुंटते आणि मासा अकाली मरतो. खुंटणे हे त्याचे जुळवून घेणे नव्हे, तो आजार आहे.

त्याला काही हजार लिटरांचे टाके लागते, आणि हजार लिटर पाणी म्हणजे एक टन भार. शिवाय हा मासा पंधरा वर्षे वा अधिकही जगतो. वाढदिवसाचा बालक शिक्षणासाठी परगावी गेल्यावर त्याला खाऊ कोण घालणार, हे सुज्ञ मातांना सांगणे नको.

मग "तळ्यात सोडून देऊ" हा विचार सुचतो. तो तर मुळीच करू नये. पेटीतील शेवाळ खातो म्हणून घरोघरी आणलेला 'सकर' मासाही दक्षिण अमेरिकेचाच. आज तो आंध्रातील कोल्लेरू सरोवरात आणि कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत पसरला आहे. २०२० साली काशीजवळ गंगेतही सापडला. तो काठ पोखरून बिळांत अंडी घालतो आणि त्याच्या काटेरी कवचाने कोळ्यांची जाळी फाटतात. हुसेनसागर असो वा सूरसागर, आपली अडचण तेथे नेऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरात असा मासा वाढलाच असेल, तर मोठे मत्स्यालय वा जाणता दुकानदार गाठावा.

मिशाळ माशाचीच हौस असेल, तर त्याच खंडातील 'कोरीडोरास' आणावेत. त्यांच्या बहुतेक जाती अडीच-तीन इंचांपुढे जात नाहीत. तळाशी मऊ वाळू घालावी आणि सहा-सात एकत्र ठेवावेत, कारण एकटेपणा त्यांना मानवत नाही. तीन फुटी पेटी त्यांना ऐसपैस होते.

वाचकहो, मासा घेताना "केवढ्याला?" हे तर आपण विचारतोच; "केवढा होईल?" हे त्याआधी विचारावे.