डाएट शीट कुणाच्या चुलीवर शिजते?



सरकारी इस्पितळात आहारशास्त्राची उमेदवारी करतेय. इथं पेशंटला दोन कागद मिळतात. केसपेपर आणि डाएट शीट. पहिल्यावर आजार लिहिलेला असतो. दुसऱ्यावर आरोप. तू नीट खाल्लं नाहीस, म्हणून पडलीस आजारी.

रक्त कमी असलेल्या बाईच्या शीटवर काय छापलंय? चार बदाम, सफरचंद, डाळिंब, पनीर, दूध. कोण जेवतं हे? छापणाऱ्याच्या घरचं ताट आहे ते. त्यानं आपलं ताट उचललं, वर 'संतुलित आहार' लिहिलं आणि शास्त्र म्हणून आमच्या माथी मारलं.

वॉर्डात एक मावशी. हिमोग्लोबिन ६. रस्ते झाडते, कंत्राटी. विचारलं, मावशी, घरी काय शिजतं? इकडंतिकडं बघत हळूच म्हणाली, "भाकर, मिरची. पगार झाला की वजडी, रक्ती आणतो. पन ताई, ते लिवू नका. मोठ्या म्याडम तोंड वाकडं करत्यात."

मी लिहिलं. रक्ती-कलेजीतलं लोह पालकातल्या लोहापेक्षा कितीतरी जास्त अंगी लागतं, हे आमच्याच पुस्तकात आहे. राउंडला वरिष्ठ बाईंनी ती ओळ खोडली. "हे काय डाएट झालं? पालक लिही." वर शेरा मारला: पेशंट ऐकत नाही.

ऐकत नाही? २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी उघडा. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. निम्म्याहून जास्त बायका 'ऐकत नाहीत' काय?

ऐकत कोण नाही ते बघा. २०१५ साली ह्या राज्यानं बैल-वळू कापायला बंदी घातली. ५ वर्षांपर्यंत कैद. गरिबाचं स्वस्त मांस कायद्यानं हिसकलं. शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं २०२३ मध्ये ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे बंद केले. लोकसहभागातून बघा म्हणाले. म्हणजे पोरांच्या अंड्याला वर्गणी काढायची!

कुणी शहाणा म्हणेल, बाबासाहेबांनीच १९२७ साली महाडला मांस सोडायला सांगितलं. खोटं. मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणाले, कारण त्यात लाचारी होती. घामाच्या पैशानं आणलेल्या वजडीची लाज धरा, असं नाही म्हणाले. मावशीच्या आवाजातली लाज तिची नाही. ती वरून ओतलीय.

झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निकाल छापून आला. घरातल्यांना नवा क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. शीट वाटून नाही घटलं. पोटात अन्न गेलं म्हणून घटलं.

तेव्हा मागणी साधी आहे. शीटवर पहिला प्रश्न छापा: घरी काय शिजतं, हातात किती पैसे येतात? वजडी, मुंडी, सुकट, अंडं, नाचणी नावानिशी लिहा. झाडूवालीला कायम करा, पूर्ण पगार द्या. तिच्या रक्ताचं पहिलं औषध तेच.

आणि हे शास्त्र शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनो, आईनं चुलीवर जे शिजवून तुम्हाला वाढवलं ते शीटवर लिहा. कुणी खोडलं तर पुन्हा लिहा. खाली सही करा.