गाळात नोंदलेला पावसाळा

चमचाभर समुद्रगाळ चाळणीत धुतला की रव्याच्या कणांएवढी कवचं उरतात, फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची. ओल्या कुंचल्याने ती एकेक टिपायची आणि त्यांतला ऑक्सिजन तपासायचा. हिमयुगात वाफ होऊन गेलेला हलका ऑक्सिजन-१६ बर्फात अडकून पडतो, समुद्रात जड ऑक्सिजन-१८चं प्रमाण वाढतं आणि तेच कवचात उतरतं. थंड पाण्यातही कवच जड ऑक्सिजन जास्त घेतं. भूशास्त्रज्ञ चेझारे एमिलियानी यांनी १९५५मध्ये याच हिशेबाने हिमयुगांचे चढउतार मांडले.

अरबी समुद्राच्या गाळात तर आपला मान्सूनच नोंदलेला आहे. नैर्ऋत्य वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्याजवळ थंड, पोषक पाणी वर येतं आणि ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ या फोरॅमिनिफेराची कवचं वाढतात. २०१५मध्ये मुंबईच्या नैर्ऋत्येला, लक्ष्मी खोऱ्यात, समुद्रतळाखाली हजार मीटरहून खोल वेधन झालं, तेही हीच वही उलगडण्यासाठी.

उद्याच्या पावसाचा अंदाज बांधायला पर्जन्यमापकाच्या शे-दीडशे वर्षांच्या नोंदी पुरत नाहीत. म्हणून हा अंक गाळाला वाहिला आहे. सावकाश वाचा. खोल समुद्रात गाळही हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटरच साचतो.