किंमत नंतर विचारा, हक्क आधी

साप्ताहिक स्तंभ : पडद्यामागे
जामखेड

एखादा छोटा, स्वतंत्र गेम स्टुडिओ कुणी बलाढ्य कंपनी विकत घेणार अशी कुजबुज सुरू झाली की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : कितीला? आकडा मोठा असेल तर टाळ्या पडतात, छोटा असेल तर हळहळ होते. आणि सौदा फिसकटला तर लोक विसरून जातात. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. पहिला प्रश्न असा असायला हवा : सौदा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या खेळाचं काय करायचं हे कोण ठरवणार, आणि ज्यांनी तो खेळ घडवला त्यांच्या हातात काय उरणार? हा प्रश्न विचारायची वेळ अफवेच्या काळातच असते. सह्या झाल्यावर त्याला अर्थ उरत नाही.

हे लिहायला कारण झालं एका फोनचं. आपल्याच तालुक्यातला एक मुलगा पुण्यात एका गेम स्टुडिओत काम करतो. खेळातली घरं, झाडं, दगडधोंडे, वाडे तो संगणकावर उभे करतो. वडिलांनी कर्ज काढून त्याला ॲनिमेशनचा कोर्स करू दिला. त्याचा आवाज घाबरलेला होता. ‘‘सर, कंपनी विकणार म्हणतायत. बाहेरची मोठी पार्टी आहे. मालक काहीच बोलत नाहीत. मी दुसरीकडे बघायला लागू का?’’ मी त्याला विचारलं, ‘‘तुझं ऑफर लेटर वाचलंस का?’’ सही करताना पगाराचा आकडा पाहिला होता, बाकीची पानं नाही. मग फोनवरच आम्ही ते पान पान वाचलं. त्या वाचनात जे हाती लागलं ते पुढे सांगतोच. आधी अशा सौद्यांचा इतिहास काय सांगतो ते पाहू.

फार लांब जायला नको. मार्च २०२५मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमधला नियंत्रक हिस्सा ११८ कोटी रुपयांना घेतला. नॉटिलस म्हणजे अनुज मानकर यांनी उभी केलेली, ‘रिअल क्रिकेट’ बनवणारी कंपनी. आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धेत दुपारी खेळून आलेली पोरं संध्याकाळी कट्ट्यावर बसून मोबाइलवर जो क्रिकेटचा सामना लावतात, तो बहुतेक वेळा हाच असतो. आणि क्राफ्टन म्हणजे त्याच पोरांच्या मोबाइलमधल्या बीजीएमआय या खेळाची मालक. या सौद्यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की क्राफ्टनचा पैसा नॉटिलसमध्ये २०२२पासूनच होता. आधी थोडी गुंतवणूक, मग ओळख, मग ताबा. तेव्हा अशी कुजबुज खरी की खोटी हे जोखायचं असेल तर भागधारकांच्या यादीवर आधी नजर टाकावी. आजचा छोटा गुंतवणूकदार हा उद्याचा मालक असू शकतो.

मी विक्रीच्या विरोधात नाही, हे स्वच्छ सांगतो. गेम बनवायला वर्षं लागतात आणि पैसा मात्र खेळ बाजारात गेल्यावर येतो. मधली वर्षं काढायची कशी, हा स्वतंत्र स्टुडिओचा जीवघेणा प्रश्न आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण पाहा. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या त्यांच्या खेळात एक डोंबारी मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत निघते. राजस्थानातले किल्लेवाडे आणि पहाडी लघुचित्रांची शैली त्यात उतरवली आहे. २०१७मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा प्रयत्न केला, तो फसला. संस्थापकांपैकी एकाने स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. २०२०मध्ये खेळ बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. हे यश डोळ्यांत भरतं. पण ज्या उद्योगात चांगलं काम करण्यासाठी राहतं छप्पर पणाला लावावं लागतं, तिथे कुणी विकायला तयार झालं तर त्याला दोष कसा द्यायचा?

सगळ्याच सौद्यांचं वाटोळं होतं असंही नाही. सप्टेंबर २०१४मध्ये बातमी फुटली की मायक्रोसॉफ्ट स्वीडनची मोजांग ही ‘माइनक्राफ्ट’ची कंपनी घेणार आहे. आठवडाभरात ती खरी ठरली. किंमत अडीचशे कोटी डॉलर. तिन्ही संस्थापक बाहेर पडले. पण खेळ जगला, वाढला आणि २०२३पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मात्र त्या वेळी माइनक्राफ्ट हा जगभर चालणारा, पैसा देणारा खेळ होता, हे विसरू नये. चालत्या खेळाला विकत घेणारा सहसा हात लावत नाही. धोका असतो तो घडत असलेल्या खेळाला आणि तो घडवणाऱ्या माणसांना.

त्या धोक्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण गूगलचं आहे. डिसेंबर २०१९मध्ये गूगलने कॅनडातल्या माँट्रियलचा टायफून स्टुडिओज हा छोटा स्टुडिओ घेतला. आपल्या स्टेडिया या ऑनलाइन खेळांच्या सेवेसाठी स्वतःचे खेळ बनवायचे, असा मोठा बेत होता. फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने तो बेतच गुंडाळला आणि खेळ बनवणारे विभाग बंद केले. योगायोग असा की त्याच सुमाराला टायफूनचा ‘जर्नी टू द सॅव्हेज प्लॅनेट’ हा खेळ स्टेडियावर आला होता. तो सुरुवातीच्या पानावरच अडकू लागला. खेळणाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा प्रकाशकाने हात वर केले : कोड गूगलच्या ताब्यात आहे, आम्ही काही करू शकत नाही. गूगलकडे खेळ होता, कोड होता, पैसा तर अमाप होता. पण तो कोड ज्यांना तोंडपाठ होता त्यांची कामंच गेली होती. स्टुडिओ विकत घेणं म्हणजे माणसांची एकत्र काम करण्याची सवय विकत घेणं. ती मोडली की उरते ती नुसती फाइल. त्याच मंडळींनी पुढे रॅकून लॉजिक नावाचा नवा स्टुडिओ काढला, आपल्या खेळाचे हक्क परत मिळवले आणि २०२५मध्ये त्याचा पुढचा भाग आणला. हक्क परत मिळाले म्हणूनच हे जमलं.

नॉटिलसचे नवे मालक क्राफ्टन यांच्याकडे दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. जपानच्या टँगो गेमवर्क्सला मायक्रोसॉफ्टने मे २०२४मध्ये टाळं लावलं, ‘हाय-फाय रश’सारखा वाखाणला गेलेला खेळ देऊन वर्ष-सव्वा वर्षच झालेलं असताना. तो स्टुडिओ आणि तो खेळ क्राफ्टनने उचलला आणि जगवला. याच क्राफ्टनने २०२१मध्ये अमेरिकेतला अननोन वर्ल्ड्स हा ‘सबनॉटिका’चा स्टुडिओ पन्नास कोटी डॉलरला घेतला. ठरलेली उद्दिष्टं गाठली तर आणखी पंचवीस कोटींपर्यंत रक्कम द्यायची, असा करार होता. जुलै २०२५मध्ये स्टुडिओच्या तिघा प्रमुखांना दूर करण्यात आलं, पुढचा खेळ लांबणीवर गेला आणि वाद डेलावेअरच्या न्यायालयात पोहोचला. एकच कंपनी एका स्टुडिओसाठी तारणहार ठरते आणि दुसऱ्याशी कोर्टात भांडते. म्हणून ‘घेणारा चांगला आहे का’ या चौकशीत फार वेळ घालवू नये. करारात काय लिहिलंय, तेवढंच टिकतं.

आपल्या राज्याचा जुना अनुभवही हेच सांगतो. मुंबईत विशाल गोंदल यांनी १९९९मध्ये इंडियागेम्स सुरू केली. साध्या बटणांच्या फोनवर ज्यांनी गेम खेळले त्यांना हे नाव आठवत असेल. आधी चीनच्या टॉम ऑनलाइनने तिच्यात बहुसंख्य हिस्सा घेतला, २००७मध्ये ती यूटीव्हीकडे गेली आणि डिस्नेने यूटीव्ही घेतल्यावर डिस्नेकडे. मालक बदलत गेले आणि पुढे काही वर्षांतच इंडियागेम्स हे नाव बाजारातून दिसेनासं झालं. मोठ्या घराच्या हिशेबात हे एक छोटं खातं होतं. मराठी मुलखात उभं राहिलेलं या क्षेत्रातलं पहिलं मोठं नाव असं विरून गेलं, याची खंत आपण पुरेशी केलेली नाही.

आता त्या मुलाच्या कागदांकडे येतो. पहिली गोष्ट : त्याने बनवलेल्या एकाही वाड्यावर त्याची मालकी नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक हा नोकरी देणाराच असतो. दुसरी गोष्ट : पत्रात ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्याला पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेता येण्याच्या हक्काचा उल्लेख होता. आपल्याकडे असा हक्क दिल्यापासून किमान वर्षभराने तो पिकायला लागतो. बहुतेक कंपन्या तो चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देतात. कंपनी मध्येच विकली गेली तर न पिकलेल्या हक्काचं काय? तो लगेच मिळणार, नव्या कंपनीत चालू राहणार, की बुडणार? त्याच्या पत्रात याबद्दल एक ओळही नव्हती. तिसरी गोष्ट : विक्री दोन तऱ्हांनी होते. शेअर विकले गेले तर कंपनी तीच राहते आणि त्याची नोकरी आहे त्या अटींवर चालू राहते. पण नुसता खेळ, त्याचं नाव आणि कोड विकला गेला, तर खेळ जातो आणि माणसं मागे राहतात. अफवेत ‘कंपनी विकणार’ एवढंच कानावर येतं. यातली कोणती विक्री, हे विचारलंच पाहिजे.

मालक गप्प का, याचंही उत्तर त्याला सांगितलं. अशा बोलणीत गोपनीयतेचा करार असतो. मालकाला तोंड उघडायची मुभा नसते. त्यामुळे त्याच्या गप्प राहण्यातून लगेच दगाबाजीचा अर्थ काढू नये. पण सौद्याबद्दल बोलता येत नसलं, तरी पगार, नोटिशीचा काळ आणि ईसॉपची अट याबद्दल मालकाला आजही लेखी देता येतं. चांगला मालक ते देतो. कुजबुज लांबली की आधी चांगले हात बाहेर पडतात, मग नवी भरती थांबते, मग प्रकाशक वाट बघत बसतात. सौदा झाला नाही तरी स्टुडिओ खिळखिळा होऊन जातो. दोन ओळींचं लेखी आश्वासन हे नुकसान बरंचसं टाळू शकतं.

असा हक्क कागदावर मागण्याच्या बाबतीत आपला जिल्हा अडाणी नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात शेअरचं प्रमाणपत्र आलं. कारखाना विकायची भाषा निघाली की सभासद वार्षिक सभेत उभा राहून जाब विचारू शकतो. त्या व्यवस्थेत पुढे काय काय बिघडलं ते आपण सगळे जाणतो. तरी जाब विचारण्याचा हक्क कागदावर होता, म्हणून लढता आलं. गेम घडवणाऱ्या पोरांना असली सभा नाही. सरकारी तपासणीही इतक्या खाली पोहोचत नाही. सप्टेंबर २०२४पासून दोन हजार कोटी रुपयांवरचे सौदे, त्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असेल तर, स्पर्धा आयोगापुढे न्यावे लागतात. ११८ कोटी त्या रेषेच्या कितीतरी खाली आहेत. म्हणजे आपल्या आकाराच्या स्टुडिओंचे सौदे बंद खोलीतच होणार. त्या खोलीत घडवणाऱ्यांचा आवाज पोहोचायचा तर तो आधीच्या कागदातूनच पोहोचेल.

राज्य सरकारलाही इथे काम आहे. ॲनिमेशन, दृश्य परिणाम आणि गेमिंग यांसाठीचं धोरण मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये मंजूर केलं. त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. हे स्वागतार्ह आहे. पण त्याचं यश किती परदेशी गुंतवणूक आली यावर मोजलं गेलं, तर ते विक्रीचंच धोरण ठरेल. खेळ अर्ध्यावर असताना स्टुडिओला कमी व्याजाचं भांडवल मिळावं. ज्या स्टुडिओला सरकारी मदत मिळते त्याने कर्मचाऱ्यांचे ईसॉप विक्रीच्या वेळी बुडणार नाहीत, अशी हमी द्यावी. आणि विकत घेणाऱ्याने ठरावीक वर्षांत स्टुडिओ बंद केला, तर खेळाचे हक्क परत घेण्याची पहिली संधी मूळ संस्थापकांना असावी. टायफूनच्या मंडळींना जे नशिबाने मिळालं, ते आपल्या पोरांना करारानेच मिळालं पाहिजे.

हा आग्रह केवळ नोकरीसाठी नाही. जामखेडपासून थोड्याच अंतरावर खर्डा आहे. १७९५मध्ये तिथे मराठे आणि निजामाची लढाई झाली. अहिल्यादेवींचं चौंडीही याच तालुक्यात आहे. या मातीतला खेळ कुणी बनवायचा ठरवला, तर तो कसा दिसावा, त्यातली माणसं कोणती मराठी बोलतील, हा निर्णय सोल किंवा सिॲटलच्या बैठकीत व्हावा का? क्रिकेटच्या खेळाला मराठी समालोचन हवं की नको, हेही तिथेच ठरणार का? मोठ्या कंपनीला तीन महिन्यांचा हिशेब द्यायचा असतो. खर्ड्याचा खेळ त्या हिशेबात बसायला वेळ लागेल. तेवढा धीर फक्त स्वतंत्र स्टुडिओ धरू शकतो, आणि तोही त्याला तगून राहता आलं तर.

म्हणून या क्षेत्रात शिरणाऱ्या तालुक्यातल्या प्रत्येक मुलामुलीला माझं कळकळीचं सांगणं आहे. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : कंपनी विकली गेली तर माझ्या ईसॉपचं काय होईल, माझी नोकरी कोणत्या अटींवर चालू राहील, आणि मी घडवलेल्या खेळात माझं नाव राहील की नाही. मागणारा एकटा असेल तर त्याला गप्प बसवता येतं. सगळा स्टुडिओ मिळून मागत असेल, तर विकत घेणाऱ्यालाही ऐकावं लागतं. कारण त्याला जे हवं आहे ते या पोरांच्या हातातच आहे.