मामांची अँबॅसिडर आणि मापातला पंप

जुनी गाडी असलेल्या घरात दोन पक्ष असतात. एक म्हणतो, विकून टाका. दुसरा म्हणतो, माझ्या माघारी काय ते करा. आमच्या मामांकडे गेली दोन वर्षं हाच वाद चालू होता. गाडी १९७२ सालची अँबॅसिडर, मार्क टू. मामांचं वय ७६. इंजिन ठणठणीत, मामाही तसे ठणठणीत, पण उजवा खांदा धरलेला. गाडी रस्त्याला लागली की काही वाटत नाही. गल्लीतून मागं घ्यायची, जागच्या जागी वळवायची म्हटलं की स्टिअरिंग हलता हलत नाही. बेंगळुरूचा मुलगा फोनवर एकच सांगायचा, "अप्पा, साकु, गाडी बेडा." मामी मात्र म्हणायच्या, "गाडी गेली तर हे उंबऱ्याबाहेर पडायचे नाहीत." मला मामींचं म्हणणं पटत होतं.

शेवटी पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरलं. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, पान्यापेक्षा खडू बरा वाटणारा. तरी मिस्त्रींच्या शेडमध्ये बरेच रविवार बसून जे समजलं ते सांगतो. अशा गाड्या आपल्या भागात अजून पुष्कळ घरांत आहेत.

मिस्त्रींनी आधी पंपाचं नावच काढलं नाही. टायरची हवा पाहिली, पुढच्या सांध्यांत ग्रीस भरलं, चाकांची अलाइनमेंट तपासली. स्टिअरिंग जड होण्याचं कारण कित्येकदा तिथंच असतं आणि खर्च वाचतो. आमच्याकडे थोडा फरक पडला, पण खांद्याला पुरेल एवढा नाही.

मग प्रश्न आला, विजेचं की तेलाचं? विजेचं बसवायला सोपं. पण त्याची मोटर उभ्या गाडीत चाकं वळवताना ४० अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट मागू शकते, आणि जुन्या डायनॅमोची ताकद २०-२२ अँपिअरची. म्हणजे अल्टरनेटरही बदलायला हवा. तेलाचं, म्हणजे हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग पुढच्या काळात काही अँबॅसिडरना कंपनीकडूनच येत असे. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला, तरी जुन्या बाजारात त्यांचे भाग सापडतात. मिस्त्रींनी तिथून पॉवर रॅक मिळवली. राहिला पंप, आणि खरा घोळ पंपाचाच.

बाजारात दोन पंप हाताला लागले, एक लॉरीचा आणि एक लहान मोटारीचा. जो येईल तो सांगे, मोठा घ्या, ताकद जास्त! मिस्त्रींनी उमेदीची वर्षं उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेसवर काढलेली. ते म्हणाले, "सर, पंप दाब देत नाही, तेलाचा प्रवाह देतो. दाब तयार होतो तो समोरच्या अडथळ्यानं." हे वाक्य मी आता वर्गातही वापरणार आहे.

प्रवाहावर ठरतं की चाक किती झटपट वळेल आणि दाबावर ठरतं की किती जड चाक वळेल. प्रवाह कमी पडला तर स्टिअरिंग भरभर फिरवताना मध्येच हात अडतो. जास्त झाला तर स्टिअरिंग पिसासारखं हलकं होतं, हात जरा हलला की गाडी भलतीकडे जाते. दाब जास्त झाला तर रॅकची सीलं गळू लागतात. आमच्या रॅकला मिनिटाला ६-७ लिटर तेल आणि ७० ते ८० बार दाब पुरेसा होता. लॉरीचा पंप त्याच्या दुप्पट तेल फेकणारा.

पुढचा हिशेब मी वहीत मांडला. लहान पंप एका फेऱ्यात ८ घनसेंटिमीटर तेल ढकलतो. हजार फेऱ्यांना ८ लिटर, थोडी आतली गळती धरली तर सात. इंजिन नुसतं चालू असताना फेरे ७५०, आणि नेमकी तेव्हाच, म्हणजे गाडी लावताना, मदत सर्वांत जास्त लागते. म्हणून इंजिनची पुली १५० मिलिमीटरची असेल तर पंपाची ११० ची. मग पंपाचे फेरे हजाराच्या थोडे वर जातात. इंजिन पळू लागलं की जादा तेल पंपातला व्हॉल्व्ह आतल्या आत परत वळवतो.

आणखी दोन गोष्टी मिस्त्रींनी तपासल्या. पंप कोणत्या दिशेनं फिरायला बनवलाय ते, कारण बरेच पंप एकाच दिशेनं चालतात. आणि दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, नाहीतर पट्टा उडतो. ब्रॅकेट इंजिनच्या मूळ बोल्टांवर बसवलं, कुठंही कापाकापी केली नाही. त्यालाही कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मामांना ती आज नको आहे, पण नातवाला उद्या हवी झाली तर वाट मोकळी असावी. तुम्ही असा बदल करणार असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

गाडी तयार झाल्यावर मामांनी ती गल्लीत मागं-पुढं केली. मी विचारलं, आणखी थोडं हलकं करायचं का? मिस्त्री मान हलवत म्हणाले, "इष्टे साकु." मामाही तेच म्हणाले, "रस्ता हाताला कळतोय, तेवढं राहू दे." पुढच्या मंगळवारी दोघं सौंदत्तीला जाऊन आले. मुलाला परत आल्यावर सांगितलं.

मला वाटतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मदत करताना आपणही लॉरीचा पंप लावतो. चावी काढून घेतो, व्यवहार काढून घेतो, स्वयंपाकघर काढून घेतो, आणि वर म्हणतो की आता आराम करा. त्यांना फक्त वळणावर हात हवा असतो. स्टिअरिंग त्यांच्याच हातात राहिलं पाहिजे.

मिस्त्रींची एक सूचना सांगून थांबतो. पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत चाक पूर्ण वळवून तसंच धरून ठेवू नका, तेल तापतं आणि पंप ओरडतो. शेवटापर्यंत गेलात की थोडं सैल सोडा.