ऐकायला नशा लागत नाही

'आर यू श्पाँगल्ड?' हा अल्बम आमच्या नाशकात दोन प्रकारच्या माणसांना ठाऊक आहे, आणि दोघंही तो ऐकत नाहीत.

पहिला कपाळाला आठ्या घालून विचारतो, "हे गोव्याचं, गांजावाल्यांचं संगीत ना?" दुसरा शनिवारी गंगापूर धरणाच्या काठावर तंबू ठोकतो, भलामोठा स्पीकर लावतो आणि डोळा मारून म्हणतो, "भाऊ, थोडा माल मारल्याशिवाय हे कळायचं नाही." एक नाक मुरडणारा, दुसरा झिंगलेला. एकमेकांच्या सावलीलाही उभे राहणार नाहीत, पण मत दोघांचं एकच: या संगीतात स्वतःचं काही नाही, जे आहे ते नशेचं. हे धादांत खोटं आहे, आणि ते खोडून काढल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही.

आधी वस्तुस्थिती. अल्बम १९९८ चा. करणारे दोघे. सायमन पॉसफर्ड हा इंग्रज ध्वनिकार, आणि राजा राम हा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला ऑस्ट्रेलियन बासरीवादक, मूळ नाव रोनाल्ड रॉथफील्ड. रचना सात, सगळं मिळून सव्वा तासाच्या आत. शेवटची एकटीच वीस मिनिटांच्या घरात जाते. 'आणि दिवसाची रात्र झाली' अशा अर्थाचं तिचं नाव आहे, आणि तिच्यामागे भारतात पाहिलेलं १९९५ चं सूर्यग्रहण आहे. २४ ऑक्टोबरचं, ऐन दिवाळीतलं. आपल्याकडे ते खंडग्रास होतं आणि घरोघरी वेध पाळून लोक दारं-खिडक्या लावून बसले होते. आपण पाठ फिरवली त्या आकाशाकडे दोन परक्यांनी मान वर करून पाहिलं आणि त्याचं गाणं केलं. त्यांना गंजेडी म्हणून मोकळं होण्याआधी एवढं तरी लक्षात घ्या.

आता कानानं ऐका. राजा रामची बासरी सुरू होते तेव्हा सुराआधी फुंक ऐकू येते, ओठाला घासून जाणारा वारा. मग सूर. तो एकदा वाजून संपत नाही. त्याची प्रतिमा मागून येते, मग तिची प्रतिमा, दर खेपेला थोडी मंद, थोडी गढूळ, कडा झिजलेली. मूळ सूर कुठे संपला आणि पडसाद कुठे सुरू झाला, हे शोधायला गेलात की पुढचा सूर येऊन बसलेला असतो. पडसादालाच वाद्य करण्याची ही विद्या जमैकाच्या किंग टबीनं सत्तरच्या दशकात मिक्सरच्या बटणांवर घडवली. ती कान देऊन शिकावी लागते. त्यात धुंदी नाही, कारागिरी आहे.

आणि हे मराठी श्रोत्याला अवघड का जावं? तानपुरा आपल्या घरातला. खर्जाची तार नीट जुळली, जवारी उघडली की कुठल्याच तारेवर न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, कौतुकानं एकमेकांना दाखवतो. शब्दाशिवाय, तालाशिवाय नुसत्या आलापात अर्धा तास बसायची सवय ज्या समाजाला आहे, त्यानं या संगीताचे जगातले उत्तम श्रोते व्हायला हवं होतं. त्याऐवजी आपण विचारतो, "यात गाणं कधी सुरू होणार?" विलंबित ख्याल ऐकताना हा प्रश्न विचारणाऱ्याला मैफलीतून उठवलं असतं.

नशेचा मुद्दा मी टाळणार नाही. याच अल्बममध्ये 'डिव्हाइन मोमेंट्स ऑफ ट्रूथ' नावाची रचना आहे. तिची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की डीएमटी हे भ्रम निर्माण करणारं रसायन निघतं. करणाऱ्यांनी ते लपवलेलं नाही. म्हणून काय झालं? त्र्यंबकेश्वरी २०१५ च्या कुंभात चिलीम ओढणाऱ्या साधूंच्या पायांवर डोकं ठेवायला रांगा लागल्या होत्या. तिथलं भजन चिलमीमुळे नशेचं झालं असं कोणी म्हटलं नाही, आणि भजन कळायला आधी चिलीम ओढ, असंही कोणी सांगितलं नाही. मग हाच न्याय इथे का नाही? वाजवणाऱ्यानं काय घेतलं हा त्याचा हिशेब. ऐकणाऱ्याला शुद्धीतले दोन कान पुरतात.

या गावाला तर असं बोलण्याचा अजिबात अधिकार नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी नाशकातच रामनाम आधार आश्रम काढला. त्या माणसानं आयुष्यभर कशाशी झुंज घेतली? गाणं म्हणजे कोठी, दारू आणि वाया गेलेली पोरं, या समजुतीशी. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडून त्यांनी घरंदाज मुलांच्या हाती तंबोरा दिला. पण यमन काही पलुस्करांनी धुऊन स्वच्छ केला नव्हता. कोठीवरही तो यमनच होता, तेवढाच उंच. डाग जागेवर होता, सुरावर नव्हता. ज्या शहरात हा धडा गिरवला गेला, तिथे आज तोच जुना आरोप नव्या संगीतावर फेकला जातो, आणि फेकणारे स्वतःला संगीताचे राखणदार समजतात.

तिसऱ्या जमातीचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण ती सभ्य दिसते. स्पा, योगवर्ग, द्राक्षमळ्यातलं रिसॉर्ट, सगळीकडे हे संगीत बारीक आवाजात टपकत असतं. वर '४३२ हर्ट्झ, पेशी दुरुस्त होतात' अशी पाटी. सुराच्या कंपनसंख्येनं पेशी दुरुस्त होत नाहीत. हा भोंदूपणा आहे आणि त्याला भोंदूपणाच म्हटलं पाहिजे. ब्रायन इनोनं १९७८ साली 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' काढला तेव्हा अँबियंट संगीताबद्दल दोन गोष्टी मागितल्या होत्या: त्याकडे दुर्लक्ष करता आलं पाहिजे, आणि लक्ष दिलं तर ते लक्ष सार्थकीही लागलं पाहिजे. लोकांनी पहिली उचलली, दुसरी फेकली. त्या अल्बममध्ये गायिकांचे सुटे स्वर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर फिरतात. एक साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा सुमारे सव्वीसांनी, तिसरा जवळजवळ तिसांनी. त्यामुळे तोच मेळ पुन्हा जुळून यायला फार काळ जातो आणि प्रत्येक क्षणी नवी जुळणी कानावर पडते. एवढा बारीक विचार करून विणलेली गोष्ट तुम्ही तेलमालिशीच्या खोलीत अंथरता!

आणि धरणकाठच्या स्पीकरवाल्यांनो, तुम्हीही ऐका. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. पण मी कायद्यापेक्षा संगीताच्या बाजूनं बोलतो. ज्याचा जीव हळू आवाजाच्या थरांत आहे, ते छाती हादरेपर्यंत वाढवलं की खालचे थर मरतात आणि उरतो नुसता ठोका. तुम्ही या संगीताचे चाहते नाही, मारेकरी आहात.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. बरे हेडफोन घ्या, रात्री अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पोटात चहापलीकडे काही नको. सातही रचना क्रमानं, मध्ये न थांबता ऐका. त्यानंतर तुम्हाला ते भिकार वाटलं तर तसं खुशाल म्हणा, मी वाद घालायला तयार आहे. पण न ऐकता दिलेलं मत यापुढे माझ्यासमोर मांडू नका.