गुडघा म्हणजे बेअरिंग नव्हे!

आपल्या हॉस्टेलच्या जिममध्ये दोन पंथ आहेत. पहिला 'नो पेन, नो गेन'वाल्यांचा. गुडघा दुखला की हे नी-कॅप चढवतात, मेडिकलमधली पेनकिलर गिळतात आणि रॉडला आणखी दोन प्लेटा लावतात. दुसरा पंथ 'नकोच ते'वाल्यांचा. गुडघा एकदा कुरकुरला की स्क्वॉट कायमचा बंद. मग रोज चेस्ट आणि बायसेप्स. वर पैलवान, खाली काडी!

माझ्या मते दोन्ही पंथ चुकतात, आणि कारण एकच. दोघंही गुडघ्याला मशीनचं बेअरिंग समजतात. एकाला वाटतं ते कितीही रेटता येतं, दुसऱ्याला वाटतं ते वापरलं की झिजणारच. पण मित्रांनो, बेअरिंग स्वतःला दुरुस्त करत नाही, शरीर करतं. गुडघ्याभोवतीचे स्नायू, टेंडन्स, हाडं हे सगळं जिवंत आहे. झेपेल एवढा लोड आणि मधे विश्रांती मिळाली तर ते मजबूत होतं. एकदम जास्त पडलं तर बोंब मारतं. म्हणजे प्रश्न 'स्क्वॉट चांगला की वाईट' हा नाहीच; 'किती आणि किती घाईने' हा आहे.

आता आपलं सेमिस्टर बघा. सबमिशन, ओरल, पीएल, पेपर, सुट्टी... दोन महिने जिमचं तोंड पाहिलेलं नसतं. आल्यावर पहिल्याच सोमवारी मात्र रॉडवर तेच जुने ऐंशी किलो, कारण शेजारी ज्युनिअर बघत उभा! स्नायू त्यातल्या त्यात लवकर जमवून घेतात, टेंडन्सना वेळ लागतो. वाटीखाली दुखायला लागतं ते बरेचदा इथूनच.

बरं, भीती घालणारेही कमी नाहीत. खोल बसलं की लिगामेंट सैल होतात, हे १९६१ साली अमेरिकेतल्या कार्ल क्लाइन यांनी मांडलं आणि ते जगभर पसरलं. नंतरच्या संशोधनात त्याला दुजोरा मिळाला नाही. दुसरा मंत्र म्हणजे 'गुडघा बोटांच्या पुढे नको'. २००३ साली फ्राय आणि सहकाऱ्यांनी सात जणांच्या गुडघ्यांपुढे फळी लावून हे मोजलं. गुडघ्यावरचा टॉर्क सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला खरा, पण खुब्यावरचा २८ वरून ३०३ वर गेला! मेकॅनिक्सचा पेपर सुटलेल्याला याचं नवल वाटू नये. लोड गायब होत नाही, शेजारच्या सांध्याकडे सरकतो.

मग दुखलं तर करायचं काय? वजन अर्ध्यावर आणा. दुखत नाही तेवढंच खाली बसा आणि खाली जायला तीन सेकंद घ्या. लॅबमध्ये एका वेळी एकच व्हेरिएबल बदलतो ना, तसंच इथेही: वजन वाढवलं त्या आठवड्यात सेट वाढवू नका. दुखण्याला दहापैकी मार्क द्या. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना वाढलेलं नसेल, तर चालू ठेवा. जास्त असेल तर वजन आणखी उतरवा. पेनकिलर खाऊन सेट मारणं म्हणजे फायर अलार्मची वायर कापून झोपणं. आणि गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा द्यायला लागला किंवा 'टक्' आवाज होऊन लगेच दुखलं, तर जिमच्या दादाला नव्हे, डॉक्टरांना विचारा.

स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमनाही हेच लागू आहे. गुडघ्यांची झीज निघाली तरी आज डॉक्टर बहुधा बेताचा व्यायामच सांगतात, गादी नव्हे.

जिमखान्याला एक विनंती. प्लेटा आणल्यात, आता दर टर्मचे पहिले दोन आठवडे तरी शिकवणारा माणूस आणा. आणि सीनिअर्सना दुसरी: सुट्टीनंतर ज्युनिअर्ससमोर रिकाम्या रॉडने सुरुवात करून दाखवा. त्यात इज्जत जात नाही. एकोणिसाव्या वर्षी 'माझे गुडघे गेले' म्हणत कुणी व्यायाम सोडतो, तेव्हा गुडघे गेलेले नसतात. पुढची चाळीस वर्षं मात्र जातात.